अकराशे शहात्तर

फोन आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसून लोकांनी पाठवलेले पाणीमीटरचे फोटो एकेक करून उघडत होती. कुणी मीटरऐवजी स्वतःचा अंगठा पाठवला होता, कुणी नुसतं झाकण, आणि एकाने तर कुंडीतला गुलाब पाठवून खाली लिहिलं होतं, ‘मीटर याच्या मागे आहे.’ पलीकडून ऑफिसातल्या मॅडम बोलत होत्या. “ताई, टेकडीवरचं शेवटचं घर. मास्तरांचं. मागच्या खेपेला तुम्ही आकडा टाकलाय अकराशे शहात्तर. त्याआधीचा होता सहाशे बारा. एकटा म्हातारा माणूस, एका महिन्यात एवढं पाणी? त्यांनी घरात हत्ती पाळलेत की काय?” ती हसली. आणि हसू चेहऱ्यावर असतानाच आतून कुणीतरी तिचा हात धरल्यासारखं झालं. अकराशे शहात्तर. हा आकडा कुठल्याच मीटरचा नव्हता. तळापासून गच्चीपर्यंत चौऱ्याऐंशी पायऱ्या, आणि चौऱ्याऐंशी चौदा वेळा म्हणजे अकराशे शहात्तर. हा आकडा तिच्या पायांचा होता. दीड महिन्यापूर्वीच्या त्या दुपारचा. जी दुपार तिने कुणालाही न सांगता गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकून दिली होती, ती आता ऑफिसच्या कागदांतून फिरून, सही-शिक्का होऊन, परत तिच्याच दारात उभी होती.

“ऐकताय ना ताई? गळती आहे असं समजून त्यांना नोटीस गेलीय. उद्या सकाळी आपली माणसं जाऊन नळ बंद करतील. गळती सापडेपर्यंत बंदच.”

सव्वीस वर्षं ती पाण्याचे मीटर वाचत आली होती. लोक तिला मीटरताई म्हणत. तिची स्वतःची भाचीसुद्धा. गावातली घरं इतरांना दारावरून माहीत असतात, तिला ती बुडाकडून माहीत होती. कुणाचा मीटर तुळशीएवढ्या खड्ड्यात आहे, कुणाचा जिन्याखाली सायकलींच्या मागे, कुणाच्या झाकणाखाली दर पावसाळ्यानंतर तोच एक बेडूक बसलेला असतो. खांद्याला पिशवी, पिशवीत झाकण उचलायची सळई, काच पुसायला जुन्या परकराचा तुकडा, एक बॅटरी. खाली वाकायचं, काच पुसायची, चार आकडे बघायचे, उठायचं. दिवसाला शंभर-सव्वाशे घरं आणि किती पायऱ्या ते देव जाणे, पण ती त्या मोजत नसे. ती म्हणत असे. म्हणणं तिच्या आईचं होतं. आई चार इमारतींचे जिने धूत असे, आणि जिना धुताना आईच्या तोंडात आपोआप ओळी यायच्या, आठ अक्षरांच्या, आठ पायऱ्यांना बरोबर पुरणाऱ्या. शाळेतून आल्यावर ती बादली धरायला जाई तेव्हा वरच्या मजल्यावरून आधी आईचा आवाज खाली यायचा, मग पाणी.

*धुते जिना मी वरून, पाणी उतरे खाली गं,*
*कोण चढून येणार, वाटच ओली झाली गं.*

पुढे आईचे गुडघे गेले, मग आई गेली. जिने राहिले आणि ओळी राहिल्या. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात टेकडीच्या दोनशे चौदा पायऱ्या चढताना तिच्या लक्षात आलं की आपले पाय आईच्या ओळीवर पडताहेत, आणि तेव्हापासून दम लागणं ही गोष्टच तिला माहीत राहिली नाही. संध्याकाळी घरी आली की पोटऱ्यांत एक गोड ठणका असायचा. पाठ टेकली की संपलं. झोप यायला वाट बघावी लागते, हे तिने फक्त इतरांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि मनात म्हणायची, काय तरी एकेकाच्या तऱ्हा.

मग तो आजार आला आणि सगळ्या जगाने दारं लावून घेतली. ऑफिसने सांगितलं, घरोघरी जायचं नाही, लोक फोटो पाठवतील, तुम्ही घरी बसून आकडे भरा. पहिले आठ दिवस तिला सुट्टी लागल्यासारखं वाटलं. कपाटं आवरली, पडदे धुतले, नवऱ्याकडून केसांना रंग लावून घेतला. नवरा केस कापणारा. त्याचं दुकान बंद, हात शिवशिवत असायचे, म्हणून तो दर चार दिवसांनी स्वतःचीच दाढी वेगवेगळ्या तऱ्हेने कोरायचा आणि विचारायचा, “आज कसा दिसतो?” ती म्हणायची, “कालच्यापेक्षा आज ओळखू येताय.” हसायचे दोघं. नवऱ्याची झोप म्हणजे नगारा. उशी दिसली की डोळे मिटायचे, आणि मिटले की सकाळीच उघडायचे. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, कारण तीही तशीच झोपायची. पण नवव्या की दहाव्या दिवशी ती आडवी झाली आणि पोटऱ्यांनी विचारलं, हे काय, आज आपण काहीच केलं नाही, मग झोपायचं कशाला? पाय बिछान्यात जागे राहिले. पाय जागे म्हणून ती जागी.

मीटरमध्ये आकड्यांच्या बाजूला एक छोटं लाल चक्र असतं. घरातला एखादा नळ ठिबकत असला तरी ते फिरतं. सगळे नळ बंद करायला सांगायचं आणि चक्राकडे बघायचं. तरीही ते फिरत असलं तर समजावं, कुठेतरी भिंतीच्या आत गळतंय. सव्वीस वर्षं तिने हेच लोकांना समजावून सांगितलं होतं. आता ती आडवी व्हायची, दिवा बंद, रस्ता बंद, शेजारपाजार बंद, सगळं बंद, आणि डोक्यात ते लाल चक्र बारीक बारीक फिरत असायचं. कुठे गळतंय ते सापडायचं नाही. दिवसा ती चिडायची, चहात दोनदा साखर घालायची, फ्रिज उघडून कशाला उघडला ते विसरायची. भाची फोनवर म्हणाली, “मीटरताई, व्यायाम कर गं, झोप लागेल. घरात जागा नसली तर जिना आहे की.” जिना! तिला हायसं वाटलं. जिना तर आपला. ती दुपारी, जिना रिकामा असताना, तळापासून गच्चीपर्यंत चढायला लागली. पहिल्या दिवशी तीनदा, मग पाचदा, मग आठदा. पण या जिन्यावर जाणं कुठेच नव्हतं. वर मीटर नव्हता, दार उघडणारं माणूस नव्हतं, “पाणी घेता का ताई” नव्हतं. नुसतं वर जायचं आणि खाली यायचं. ओळ सुरू करायची तर तोंडावरच्या मास्कमध्ये ती ओली होऊन चिकटायची. म्हणून ती मोजायला लागली. एक, दोन, तीन. आकडे तोंडात आले आणि ओळी निघून गेल्या, कधी ते तिला कळलंही नाही. आणि मोजायला लागल्यावर तिला हेही कळलं की आकड्याला शेवट नसतो. आठ म्हटलं की नऊ उभा. चढून दमावं म्हणजे झोप येईल, या हिशोबाने ती जास्त चढायची, आणि बिछान्यात पडल्यावर डोकं पुढचे आकडे म्हणत राहायचं. शरीर दमून गेलेलं आणि आत कुणीतरी पायऱ्या चढतंय.

सगळ्यांत वाईट हे होतं की तिला काही झालेलं नव्हतं. कोपऱ्यावरचा धोबी गेला. ऑफिसातले शिपाईकाका दवाखान्यातून काठी घेऊन परत आले. माणसं श्वासासाठी तडफडत होती, आणि हिला काय, तर म्हणे झोप येत नाही. हे कुणाला सांगायचं? कोणत्या तोंडाने? नवरा एकदा म्हणाला होता, “डोळे बघ तुझे, कसे झालेत,” आणि ती त्याच्यावर खेकसली होती, “आकडे बघून बघून झालेत. तुम्ही घोरा.”

त्या दुपारी चौदावी फेरी संपवून ती धापा टाकत घरात आली होती. टेबलावरच्या कागदाच्या कोपऱ्यात तिने ११७६ लिहिलं, रोज लिहायची तसं, आणि तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. टेकडीच्या अगदी माथ्यावर एकटेच राहतात. त्यांचा फोन नुसता बोलायचा, फोटो काढायचा नव्हे, म्हणून ते दर महिन्याला आकडा तोंडी सांगत. “लिहा आकडेबाई. शून्य सहा एक सात.” तिने त्याच कागदावर, त्याच कोपऱ्याजवळ ते लिहून घेतलं. मग ते थोडे थांबले आणि म्हणाले, “तुम्हाला झोप लागते का हो?” इतक्या सरळ कुणी विचारलं नव्हतं. “लागते की,” ती म्हणाली, “न लागायला काय झालं?” आणि फोन ठेवून ती पंधरावी फेरी चढायला निघाली, जणू त्या खोट्याला मागे टाकायचं होतं. चौथ्या मजल्याच्या वळणावर तिचं काळीज एकदम सुटलं. छातीत कुणी दार बडवतंय असं धडधडायला लागलं, हातांना मुंग्या आल्या, भिंत लांब गेली. ती पायरीवर बसली आणि तिला स्पष्ट वाटलं की आपण मरतोय. वरून चौथ्या मजल्यावरची शेजारीण येत होती, वर्षानुवर्षांची ओळख. ती थबकली, पदर तोंडावरच्या मास्कवर आणखी दाबला आणि कठड्याला अंग घासत, होता होईल तेवढी दूर राहून, शेजारून उतरून गेली. खाली जाऊन तिथूनच म्हणाली, “बरं नाही का? तपासून घ्या हं.” तिचीही चूक नव्हती. तो काळच तसा होता. अर्ध्या तासाने ती भिंत धरत घरी आली, तोंड धुतलं, टेबलाशी बसली आणि कागदावरचे आकडे भरत गेली. मास्तरांच्या घरापुढे कोणता आकडा गेला, ते तेव्हा तिला कळण्यासारखं नव्हतं. त्या दिवसानंतर ती जिना चढली नाही. भाजी आणायला उतरली की परत येताना चौथा मजला जवळ येतोय या विचारानेच पाय जड व्हायचे. आपलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, यासाठीच ती देवाचे आभार मानायची.

“ताई?” मॅडम फोनवर होत्याच. “आकडा चुकलाय का? तसं असेल तर कुणाला तरी पाठवून खात्री करून घेते. तुम्ही नका दगदग करू. तसंही सोमवारपासून पन्नाशीच्या पुढच्यांना कायमचं टेबलावर ठेवायचं चाललंय. टेकडी दुसऱ्या कुणाला तरी देऊ. बसून काम, तुमच्यासाठी बरंच ना?”

बसून काम. टेबलापलीकडे मॉनिटरवर कुणाचा तरी अंगठा अजून उघडा होता. टेबल, खुर्ची, अंगठे, गुलाब. आणि रात्र झाली की लाल चक्र. असं वर्ष, असं दुसरं वर्ष, असं निवृत्तीपर्यंत. तिला कुणी जिवंतपणी भिंतीत चिणतंय असं वाटलं. “मी जाते,” ती म्हणाली. “आजच जाते.”

“दोनशे चौदा आहेत ताई. चढवेल?”

“सव्वीस वर्षं काय मी सरपटत जात होते?”

मॅडम हसल्या, पण थोड्याच. “जा. तीनच्या आत खरा आकडा कळवा, म्हणजे मी नळ बंद करणं थांबवते. आणि तुम्ही स्वतः वरून कळवलंत ना, तर टेकडीचं मी बघते. शब्द देते.”

नवऱ्याने स्कूटर काढली. वाटेत रस्ता ओळखीचाच होता पण आजारातून उठलेल्या माणसासारखा, थोडा फिका, थोडा सावध. दुकानांची अर्धी फळकुटं उघडी, माणसं एकमेकांपासून हातभर लांब उभी, सगळ्यांचे नुसते डोळे. ती मागे बसून मांड्यांवर पिशवी घट्ट धरून होती. पिशवीतल्या सळईला सात महिन्यांत गंज धरला होता. पायथ्याशी नवऱ्याने स्कूटर सावलीत लावली आणि पायरीच्या कडेच्या कट्ट्यावर बैठक मारली. “मी आहे इथे. काही वाटलं तर हाक मार.”

“हाक मारली तर उठाल?”

“उठेन की. झोपलो तर ना.” तो म्हणाला, आणि मग तिच्याकडे बघून त्याचा चेहरा बदलला. “अगं, मला माहितीये. मी घोरतो म्हणून मला कळत नाही असं समजू नकोस. रोज सकाळी तुझी उशी गार असते.”

बोलली असती तर तिथेच बसली असती. ती वळली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

एक. दोन. तीन. दगड तेच होते, मध्ये झिजून वाटीसारखे झालेले. दहा. अकरा. डाव्या हाताला निळं दार, त्याच्या पायरीखाली मीटर, झाकणाला कान तुटलेला. वीस. एकवीस. मास्कच्या आत स्वतःचा श्वास गरम लागत होता. तीस. आकडे नीट रांगेत येत होते, आणि प्रत्येक आकड्यामागे पुढचा तयार उभा होता, दोनशे चौदापर्यंत, आणि तिच्या मनाने लगेच वजाबाकी मांडली, अजून एकशे ऐंशी, अजून एकशे अठ्ठ्याहत्तर. सत्तेचाळिसाव्या पायरीवर छातीतलं दार वाजलं. एकदा. मग पुन्हा. तिने कठडा धरला. हातांना मुंग्या आल्या. टेकडी नव्हतीच ती, तो चौथा मजला होता, तीच भिंत, तेच वळण, आणि आता वरून कुणीतरी येणार आणि अंग चोरून निघून जाणार. ती खाली बसली. मास्क हनुवटीवर ओढला. पायथ्याशी नवरा उभा राहिलेला दिसला, एवढासा, हात कपाळावर धरून वर बघणारा. “काय झालं?” त्याची हाक आली. काय झालं? आजार झाला नाही, घरातलं कुणी गेलं नाही, काही तुटलं नाही. काही झालंच नव्हतं आणि तेच झालं होतं. उतरायला फक्त सत्तेचाळीस आहेत, ती मनाशी म्हणाली. उतरावं. म्हणावं मॅडमना, पाठवा कुणालाही. खरं सांगावं. अंगठे बघत बसावं.

तेवढ्यात तिच्या पायाला गार लागलं. तिने खाली बघितलं. पाणी होतं. वरून येत होतं, एका पायरीवर थांबत, वाटी भरत, ओसंडत, मग पुढच्या पायरीवर. वर कुठेतरी खराटा सर्र सर्र चालला होता. कुणीतरी आपल्या दारापुढची पायरी धूत होतं, एवढंच. पाणी तिच्या चपलेभोवती फिरलं, दोन्ही अंगांनी वाट काढून खाली गेलं, आणि ते पाणी बघता बघता तिला आधी काहीच आठवलं नाही, फक्त बादलीच्या कडीचा हाताला पडणारा वळ आठवला, लाल, आडवा. मग जिन्याच्या पोकळीतून खाली येणारा आवाज. *धुते जिना मी वरून.* आवाज आईचा नव्हता, तिचाच होता. ती पुटपुटत होती. *पाणी उतरे खाली गं.* आईने उभ्या आयुष्यात पायऱ्या किती ते कधी मोजलं नाही. मोजलं असतं तर दुसऱ्या दिवशी उठलीच नसती. *कोण चढून येणार.* इतकी वर्षं तिला वाटायचं, हा प्रश्न आई त्या इमारतीतल्या मोठ्या लोकांबद्दल विचारते आहे. आज पहिल्यांदा तिला वाटलं, बादली धरायला येणाऱ्या पोरीबद्दलच विचारत असेल. तिची वाट बघत. ती उठली.

“अगंबाई, मीटरताई!” खराटा थांबला. सहा-सात पायऱ्या वर एक बाई पदर खोचून उभी होती, पिवळ्या दारातली, जिच्या मीटरच्या झाकणाखाली बेडूक असायचा. “किती महिन्यांनी! थांबा थांबा, ओलं आहे, घसराल.”

“नाही घसरत.”

“वाळलात हो. बरं होतं ना सगळं?”

“नव्हतं,” ती म्हणाली, आणि हा शब्द इतका सोपा निघाला की तिला स्वतःलाच नवल वाटलं. “झोप गेली होती माझी.”

“अय्या, मग सांगायचं नाही का! माझी कुठे होती? मी दिवसाला तीनदा ही पायरी धुते, ती काय हौस म्हणून? बेडूकसुद्धा कंटाळून गेला, बिचारा.” बाई अंग चोरून बाजूला झाली नाही. खराट्याचा दांडा तिने कठड्यासारखा पुढे केला. “धरा. या वर.”

ती दांड्याचा आधार घेऊन वर गेली, दांडा सोडला आणि चालतच राहिली. आठ पायऱ्यांना एक ओळ. पुढच्या आठांना पुढची. छाती धडधडत होती पण आता ते कुणी दार बडवणं नव्हतं, जात्याची घरघर होती, काम चालू असल्याची खूण. तिला घाम आला, आणि हा घाम जुना होता, ओळखीचा, मिठाचा. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिने त्यांना कुरकुरू दिलं. पोटऱ्या तापल्या. आईची ओळ संपून पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली, आणि मग ध्यानीमनी नसताना तिच्या तोंडात दुसरीच ओळ आली, आईची नव्हे. कुठून आली ते तिला कळलं नाही. पायांतून वर आल्यासारखी आली.

*पायरी पुसे पायाला, वाट का रे सोडलीस?*
*पाय म्हणे पायरीला, हाक नाही तू दिलीस.*

ती मोठ्याने हसली. एका खिडकीतून कुणीतरी डोकावलं, हात केला. तिने हात केला. एका दारातून “मीटरताई का गं?” असा आवाज आला आणि दुसऱ्या दारातून “हो, त्याच!” असं उत्तर गेलं, आणि ती बातमी तिच्या पुढे पुढे पायऱ्या चढत गेली. आपण आता कितव्या पायरीवर आहोत? तिने आठवून पाहिलं. नव्वद असेल, दीडशे असेल. तिला माहीत नव्हतं. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला एक आकडा माहीत नव्हता, आणि डोक्यावर कुणीतरी ठेवलेली घागर उतरवून घ्यावी तसं तिला वाटलं. वारा सुटला होता. डाव्या हाताला गावाची छपरं उतरत गेली होती, आणि त्या प्रत्येक छपराच्या बुडाशी तिचं एक झाकण होतं. पायरीनंतर पायरी नव्हती तेव्हा तिचा पाय हवेत पडला. माथा आला होता.

मास्तर दारातच उभे होते, बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेली. केस खांद्यावर आले होते. त्यांच्या मागे घरात बघून ती थबकली. पातेली, घागरी, तांबे, बरण्या, ब्रश धुवायचे सगळे डबे, रंग कालवायच्या चिमुकल्या वाट्यासुद्धा, जमिनीवर रांगेने मांडलेल्या, आणि सगळ्या काठोकाठ पाण्याने भरलेल्या. “उद्या नळ बंद करणार म्हणे,” मास्तर म्हणाले. “म्हटलं, भरून ठेवावं. एवढ्या वाट्यांत किती दिवस निघतील हो आकडेबाई?”

तिला रडू आलं, पण आधी काम. ती कोपऱ्यातल्या कोनाड्यापाशी वाकली, गंजलेल्या सळईने झाकण उचललं, परकराच्या तुकड्याने काच पुसली. ०६२४. “सगळे नळ बंद आहेत ना मास्तर?” “आहेत.” तिने लाल चक्राकडे बघितलं. बघत राहिली. चक्र ढिम्म होतं. कुठेही गळत नव्हतं. मग ती तिथेच उकिडवी बसून म्हणाली, “चूक माझी. तो आकडा तुमच्या पाण्याचा नव्हता. माझ्या पायऱ्यांचा होता. झोप यावी म्हणून चढत होते, आणि दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहिले होते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. मला झोप लागत नव्हती.”

मास्तरांनी भुवया वर केल्या, हिशोब जुळवला, आणि त्यांच्या दाढीतून हसू वर आलं. “म्हणजे महिनाभर माझ्या नळातून तुम्ही चढत-उतरत होतात! आणि मी इथे भिंतींना कान लावून गळती शोधतोय.” मग हसू ओसरलं. “मी काही तुमच्यासाठी विचारलं नव्हतं. मलाच लागत नव्हती. वाटलं, तुम्ही नाही म्हणालात तर मग मी पण सांगेन.”

तिने मॅडमना फोन लावला. “लिहा मॅडम. शून्य सहा दोन चार. गळती नाही. नळ चालू ठेवा.”

“ताई? कुठून बोलताय?”

“वरून.”

“दम लागलाय तुम्हाला.”

“लागला होता. त्याला पुरून उरले.” आणि तिने अकराशे शहात्तरचं सगळं सांगून टाकलं, कागदाचा कोपरा, चौथा मजला, सगळं. “माझ्या हातून झालं. नोंद करा तशी.”

“नोंद मी करते,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ऑफिसातला राहिला नव्हता. “मी पण झोपेच्या गोळ्या घेतेय ताई. चार महिने झाले.” मग घसा साफ करून, “सोमवारपासून टेकडी तुमचीच. फोटो बंद. आता उतरा सावकाश.”

“उतरते,” ती म्हणाली. पण उतरण्याआधी कोनाड्याशेजारच्या दगडी ओट्यावर जरा टेकली. ओटा उन्हाने तापलेला होता. मास्तर आत पाणी आणायला गेले आणि कोणत्या भांड्यातलं द्यावं याचा विचार करत तिथेच घुटमळले. भांड्यावर भांडं वाजलं. पोटऱ्यांत तो गोड ठणका उतरला होता, सात महिन्यांनी घरी आलेल्या माणसासारखा, चपला काढून, पाय पसरून. तिने डोकं भिंतीला टेकवलं. डोळ्यांच्या आत चक्राची वाट बघितली, सवयीने. चक्र स्थिर होतं. खाली कुठेतरी खराटा पुन्हा सुरू झाला होता. कुणीतरी धापा टाकत पायऱ्या चढून येत होतं, जड पावलांचं, मध्ये मध्ये थांबणारं, आणि ती पावलं तिच्या ओळखीची होती. नवरा. तो कधी दोन जिने धड चढत नसे. ती त्याला हाक मारणार होती. तिला वाटलं, मारली. माथ्याशी येऊन पावलं थांबली. “काय झालं हो हिला?” त्याचा घाबरा आवाज फार लांबून आला, विहिरीच्या काठावरून यावा तसा.

“शूऽऽ,” मास्तर म्हणाले. “झोपल्यात.”

नवरा तिच्या शेजारी ओट्यावर बसला असावा, कारण त्या बाजूने सावली आली, आणि तिचं डोकं भिंतीवरून घरंगळून एका घामाने भिजलेल्या खांद्यावर गेलं. तो खांदा हलला नाही. *पायरी पुसे पायाला,* तिच्या आत पाय अजून हळूहळू चालत होते, ओल्या दगडांवरून, *वाट का रे*, आणि पुढचा शब्द यायच्या आत पाय थांबले.